कारवानी पिल्लू शहरातल्या घरात: मे ते फेब्रुवारीचा अनुभव

कारवानी म्हणजेच मुधोळ हाउंड. हे रानात पळणारं कुत्रं, शहरात रुळत नाही, आज्ञा शिकत नाही, असं बेळगावात बरेच जण छातीठोकपणे सांगतात. ज्या जातीवर 2005 मध्ये पोस्टाचं तिकीट निघालं, जिची पिल्लं 2016 मध्ये मेरठला सैन्याच्या केंद्रात प्रशिक्षणाला गेली, तिला 'बस' आणि 'ये' जमणार नाही हे मला पटत नव्हतं. मुधोळकडच्या एका शेतकऱ्याकडून दोन महिन्यांची मादी अनगोळच्या घरी आणली. हरणी नाव ठेवलं. पावसाळा, गणपती, दिवाळी पार पडली, आता थंडी सरत आली. रुळते, आणि छान रुळते.

पण हा लॅब्राडोर नव्हे. आवाज चढवला की ही जात मिटून जाते. चप्पल कुरतडली म्हणून आई एकदा जोरात ओरडली, तर हरणी दुपारभर दिवाणाखालून हलली नाही. उकडलेलं अंडं समोर ठेवलं तरी नाही. तेव्हापासून घरात ओरडणं बंद. बरोबर वागली की त्याच क्षणी खाऊ. चार सेकंद उशीर झाला तरी तो कशाबद्दल मिळाला हे पिल्लाला कळत नाही. आणि आज्ञेचे शब्द घरातल्या सगळ्यांचे एकच.

शी-शूचं खरं अवघड गेलं ते पावसात. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्यायचं, हे सगळीकडे सांगतात. पण अंगावर बारीक केस, त्यामुळे ही पावसात पाय टाकायला तयार नाही, आणि आमच्याकडे जुलैत उघडिपीची वाट बघत बसता येत नाही. परड्यात पत्र्याखाली मातीची एक जागा ठरवली, दर वेळी तिथेच नेली. गणपतीपर्यंत घरातलं जवळपास थांबलं. फरशी नुसत्या फिनेलने पुसू नका, वास उरतो आणि पिल्लू पुन्हा तिथेच बसतं. एन्झाइमचं क्लीनर महाग आहे, पण पैसे वसूल.

घडीचा लोखंडी पिंजरा घेतला, तो सगळ्यात कामाचा ठरला. शिक्षा म्हणून त्यात कधीच कोंडलं नाही. दार उघडं ठेवून जेवण आत द्यायचो. पहिल्या रात्री तो माझ्या कॉटला चिकटून ठेवला. रडायला लागली की जाळीतून बोटं आत सरकवायची, ती हुंगायची आणि हळूहळू डोळे मिटायची. दिवाळीत फटाके सुरू झाले की आपणहून आत शिरायची, वर घोंगडं टाकलेलं असायचं. तक्रार एकच: तळाचा प्लास्टिकचा ट्रे पातळ आहे. दुधाचे दात पडत होते तेव्हा, म्हणजे चौथ्या ते सहाव्या महिन्यात, तिने त्याच्या कडा खाऊन टाकल्या.

साधा गळपट्टा या जातीला घेऊच नका. मान जाड, डोकं निमुळतं, मागे सरकली की पट्टा डोक्यावरून निघतो. ओढल्यावर मर्यादेत आवळणारा रुंद मार्टिंगेल पट्टा घ्या. मोकळं तर सोडूच नका. घरात 'ये' म्हटलं की धावत येणारी हरणी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात मुंगूस दिसलं की माझा आवाज ऐकतच नाही. तिथे लांब दोरी, आणि सुसाट पळायला भावाच्या शेतातलं कुंपण घातलेलं आवार.

लशी 6 ते 8 आठवड्यांपासून 16 आठवड्यांपर्यंत 3-4 आठवड्यांच्या अंतराने चालतात, रेबीजची तिसऱ्या महिन्यानंतर. तोवर पार्व्होच्या (पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाच्या) भीतीने पिल्लू घरात डांबू नका. साधारण 14 आठवड्यांपर्यंत जे बघेल ते त्याला आपलं वाटतं. आम्ही तिला कडेवर घेऊन खडेबाजारातून फिरवलं. रिक्षा, हॉर्न, गर्दी सगळं दाखवलं.

आता नसबंदी करायची आहे. अंगात चरबी कमी असल्याने अशा कुत्र्यांना भुलीची काही जुनी औषधं उतरायला फार वेळ लागतो, म्हणून ज्यांच्याकडे असं कुत्रं आहे त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख घेतानाच जात कोणती हे डॉक्टरांना सांगावं.