फूड टेस्ट किट: बेनेडिक्ट उत्तम, सुदान फेकून द्या

अकरावी-बारावी सायन्स आणि एफवायबीएस्सीच्या मुलांसाठी ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या अन्नघटक चाचणीच्या पेटीचं हे परीक्षण. आत येतं ते असं: ६० मिली बेनेडिक्ट (शर्करा ओळखणारं निळं द्रावण), प्रथिनं ओळखणाऱ्या बाययुरेट चाचणीसाठी दोन बाटल्या (१० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड आणि १ टक्का कॉपर सल्फेट), स्टार्चसाठी आयोडीन, स्निग्ध पदार्थांसाठी सुदान ३ हा रंग, आम्लता मोजणाऱ्या पीएच पेपरची वही, सहा टेस्ट ट्यूब, होल्डर, ड्रॉपर, स्पिरिट लॅम्प आणि आठ पानी पुस्तिका.

रसायनं बहुतांशी ठीक आहेत. पुस्तिका मात्र लंगडी आहे. ग्लुकोज घ्या, बेनेडिक्ट घाला, तापवा, विटकरी रंग आला, लिहा. चाचणी 'नाही' कधी म्हणते, हे आठ पानांत एकदाही येत नाही. त्यामुळे मुलं रंग पाठ करतात आणि बायोमॉलिक्यूल्सचा धडा जिथल्या तिथे राहतो. प्रत्येक चाचणीला तीन नळ्या लावायच्या: एकीत नुसतं पाणी, दुसरीत माहीत असलेला पदार्थ, तिसरीत नमुना. एवढं केलं की पेटीचे पैसे वसूल होतात.

बेनेडिक्ट हा पेटीतला सर्वांत चांगला माल. त्यातलं सायट्रेट तांब्याच्या आयनांना धरून ठेवतं, म्हणून अल्कलीतही तांबं खाली बसत नाही आणि बाटली महिनोन्‌महिने टिकते. शर्करेच्याच फेलिंग चाचणीची दोन द्रावणं ऐनवेळी मिसळावी लागतात, ती कटकट इथे नाही. २ मिली नमुना, २ मिली बेनेडिक्ट, उकळत्या पाण्यात ५ मिनिटं. या हिशेबाने बाटलीत ३० चाचण्या होतात. निळा रंग तसाच राहिला तर क्षपणकारी शर्करा (तांब्याला इलेक्ट्रॉन देऊ शकणारी, उदा. ग्लुकोज) नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असा रंग चढत गेला तर तिचं प्रमाण वाढत गेलं असं समजायचं. पुस्तिकेत नळी थेट लॅम्पवर धरायला सांगितलंय, ते अजिबात करू नका. द्रावण उसळून तोंडावर येतं आणि ते चांगलंच अल्कधर्मी असतं. शिवाय नळ्या साध्या काचेच्या आहेत, उष्णता सोसणाऱ्या बोरोसिलिकेटच्या नाहीत, ज्योतीवर तडकतात. स्टीलच्या भांड्यात पाणी उकळून त्यात नळ्या उभ्या करा.

खरी गंमत आहे ती साखर आणि गूळ यांत. घरातली साखर पाण्यात विरघळवून चाचणी केली तर बेनेडिक्ट निळंच राहतं. पुस्तिका वाचून बसलेल्या मुलाला वाटतं, बाटली खराब आहे. बाटली चांगली आहे. सुक्रोजमध्ये ग्लुकोजचा पहिला कार्बन आणि फ्रुक्टोजचा दुसरा कार्बन एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे दोघांपैकी एकाचंही कडं (रेणूतलं वलय) उघडत नाही आणि तांब्याला इलेक्ट्रॉन द्यायला मोकळा गट उरत नाही. गुळाचं पाणी मात्र रंग देतं, कारण रस आटवताना काही सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मोकळे झालेले असतात. हेच फुटणं नळीत करून बघता येतं: साखरेच्या २ मिली पाण्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे ४-५ थेंब, उकळत्या पाण्यात ५ मिनिटं, गार करून फसफसणं थांबेपर्यंत चिमूट-चिमूट खाण्याचा सोडा, मग बेनेडिक्ट. सोड्याची पायरी गाळली तर आम्ल उरतं, बेनेडिक्टला लागणारी अल्कली मारली जाते आणि साखर फुटलेली असूनही निकाल चुकीचा येतो. आम्ल पेटीत नाही, कॉलेजच्या लॅबमधूनच घ्यावं लागेल.

आवळ्याच्या रसाला रंग आला म्हणून लगेच 'ग्लुकोज' लिहू नका. क जीवनसत्त्वही तांब्याचं क्षपण करतं.

बाययुरेटच्या दोन बाटल्या वेगळ्या दिल्यात, हे बरं झालं. २ मिली नमुन्यात २ मिली हायड्रॉक्साइड घालून हलवायचं आणि मग कॉपर सल्फेटचे ३-४ थेंब, बस्स. पुस्तिकेत '१ मिली' छापलंय. तेवढं घातलं तर जास्तीच्या तांब्याचं निळं हायड्रॉक्साइड खाली बसतं आणि जांभळा रंग त्यात बुडून जातो. तापवायची गरज नाही. रंग अमिनो आम्लांना जोडणाऱ्या पेप्टाइड बंधांमुळे येतो आणि त्यासाठी निदान दोन बंध लागतात; सुटं अमिनो आम्ल घातलं तर जांभळं काही होत नाही. नमुना म्हणून अंड्याचा पांढरा भाग एकाला दहा पाणी, त्यात चिमूटभर मीठ आणि मलमलच्या फडक्यातून गाळून. मीठ नसलं तर ग्लोब्युलिन प्रकारची प्रथिनं विरघळत नाहीत आणि पाणी गढूळ राहतं. अंडं नको असेल तर बेसन पाण्यात अर्धा तास भिजवून वरची निवळी घ्या. दूध वापरायचं तर पाणी घालून पातळ करा, नाहीतर पांढऱ्यात फिका जांभळा दिसणारच नाही. हायड्रॉक्साइड त्वचा आणि डोळे जाळतं आणि पेटीत गॉगल नाही. ही हयगय माफ करण्यासारखी नाही.

आयोडीन पोटॅशियम आयोडाइडमध्ये विरघळवलेलं आहे, तपकिरी बाटलीत आहे, सगळं बरोबर. स्टार्च मात्र नीट करावा लागतो. १ ग्रॅम स्टार्चची थोड्या गार पाण्यात पेस्ट करून ती उकळत्या पाण्यात ओतायची आणि एकूण १०० मिली करायचं. कोरडी पूड थेट उकळत्या पाण्यात टाकली की गुठळ्या होतात. द्रावण गार झाल्यावरच आयोडीन घाला. गरम असताना निळा-काळा रंग येत नाही, कारण आयोडीनला पोटात घेणारा, स्टार्चमधल्या अमायलोजच्या साखळीचा पीळ उष्णतेने सैलावतो. नळी गार झाली की रंग परततो. हा प्रयोग मुद्दाम दाखवण्याजोगा. स्टार्चचं द्रावण रोज ताजं करा. शिळ्या द्रावणात जिवाणू वाढून शर्करा तयार होते आणि मग बेनेडिक्ट भलतंच सांगू लागतं. बाययुरेट झालेल्या नळीतही आयोडीन टाकू नका, अल्कलीत त्याचा रंगच उडतो. उरलेल्या थेंबांवर पनीर किंवा खव्यात पिष्ट मिसळलंय का, तेही बघता येतं: थोडा नमुना पाण्यात उकळून, गार करून, दोन-तीन थेंब.

सुदान ३ च्या बाटलीत तळाशी रंगाचा गाळ बसलेला असतो, तो तेलातही ठिपक्यांसारखा दिसतो आणि हाताला लागला तर निघता निघत नाही. स्निग्ध पदार्थासाठी साधा कागद पुरे: शेंगदाणा कागदावर घासा, वाळू द्या, उजेडासमोर धरा. पाण्याचा डाग वाळून जातो, तेलाचा पारदर्शक राहतो.

पीएच पेपर एकेका अंकाच्या पायरीचा आहे. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ असतो, तो फरक या कागदावर दिसणं शक्य नाही. बफर (आम्ल पडलं तरी पीएच फारसा बदलू न देणारं द्रावण) मात्र छान दिसतो. एका नळीत १० मिली डिस्टिल्ड पाणी, दुसरीत १० मिली पाण्यात ०.१ ग्रॅम खाण्याचा सोडा. दोन्हींत व्हिनेगरचा एक-एक थेंब. पाण्याचा पीएच ४ च्या आसपास घसरतो, सोड्याचा कागद जवळजवळ तसाच. नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचा पीएच ७ च्या खाली दिसला तर गोंधळू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो.

पुस्तिकेत नसलेला, पण याच बाटल्यांवर होणारा उत्तम प्रयोग लाळेचा. ५ मिली स्टार्चमध्ये १ मिली पातळ केलेली लाळ घालून नळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवा आणि दर मिनिटाला एक थेंब पांढऱ्या बशीतल्या आयोडीनवर टाका. निळा, मग लालसर, मग आयोडीनचाच पिवळा. तिथे पोचल्यावर त्याच नळीवर बेनेडिक्ट करा: स्टार्च तुटून झालेली माल्टोज ही शर्करा सापडते. शेजारी उकळून गार केलेल्या लाळेची नळी ठेवलीत तर ती शेवटपर्यंत निळीच राहते. लाळ साध्या पाण्याऐवजी ०.९ टक्के मिठाच्या पाण्याने पातळ करा, स्टार्च तोडणाऱ्या लाळेतल्या अमायलेज या विकराला क्लोराइड लागतं. प्रत्येकाने स्वतःचीच लाळ वापरायची.

घरी अभ्यास करणाऱ्या एकट्या विद्यार्थ्याला पेटी घ्यायला हरकत नाही. गॉगल आणि दोन-चार बोरोसिलिकेट नळ्या वेगळ्या घ्या. क्लास किंवा कॉलेजने पेट्या घेऊ नयेत. रसायनांच्या दुकानात बेनेडिक्ट आणि आयोडीन अर्धा लिटरच्या बाटलीत मिळतं, कॉपर सल्फेट पुडीत. पेटी हातात आली की आधी २ मिली बेनेडिक्ट तितक्याच पाण्याबरोबर ५ मिनिटं उकळून बघा. निळं राहिलं तर ठीक. हिरवट झालं तर त्याच दिवशी परत करा.