रिटायर झाल्यावर 'पर्पज' शोधून देणारा ऑनलाइन कोर्स: घ्यावा का?

थेट निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते, ५ पैकी ३ स्टार, आणि ते तिन्ही कोर्सच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला. पहिला अर्धा भाग नाही बघितलात तरी काही बिघडत नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण असे कोर्स आता ढिगानं निघालेत आणि साचा साधारण एकच असतो. आठवड्याला एक लाइव्ह सेशन, मधे रेकॉर्डेड व्हिडिओ, एक वर्कबुक, दहा-बारा जणांचा ग्रुप आणि एक कोच. मी तीसेक वर्षं पर्चेसमधे काढली, त्यामुळे 'तुमच्या आत दडलेलं ध्येय शोधा' असं काही वाचलं की पहिला प्रश्न डोक्यात येतो, माल नक्की काय मिळणार? ते त्यांना काही नीट सांगता आलं नाही, पण रिटायर झालेल्या लोकांचाच ग्रुप आहे म्हटल्यावर घेतला.

तर पहिला भाग. रंगांवरून स्वभाव सांगणारी टेस्ट, लहानपणी काय काय आवडायचं त्याची यादी, डोळे मिटून दहा वर्षांनंतरचे आपण कसे दिसतो ते बघणं, आणि मग ती चार वर्तुळं, इकिगाईची (इकिगाई म्हणजे जपानीत जगण्याचं कारण). आवडतं काय, जमतं काय, जगाला काय हवंय, पैसे कशाचे मिळतील, आणि मधोमध तुमचं ध्येय. कोचनं हे शेकडो वर्षांचं जपानी शहाणपण म्हणून सांगितलं. मला शंका आली म्हणून शोधलं तर ही आकृती मुळात आंद्रेस झुझुनागा या स्पॅनिश माणसाची निघाली, आणि तिच्या मधोमध 'पर्पज' लिहिलेलं होतं, मार्क विन नावाच्या ब्लॉगरनं २०१४ मध्ये तिथं इकिगाई लिहिलं आणि ती जगभर पसरली. जपानी लोकांच्या इकिगाईत पैशाची अट नसतेच, रोजचं बागेत पाणी घालणंसुद्धा त्यात बसतं. आकृती वाईट आहे असं नाही, तरुण माणसाला नोकरी निवडताना उपयोगी पडेल, पण पेन्शनवर आलेल्या माणसाला चौथं वर्तुळ भरायला लावून काय साधतं? (ज्यांना अजून कमवावं लागतंय त्यांचा प्रश्न अगदी खरा आहे, पण त्यांच्यासाठी या कोर्समधे जवळपास काहीच नाही, हेही सांगून ठेवते.)

माझी मोठी तक्रार वेगळीच आहे. हा सगळा भाग असं धरून चालतो की तुमचं ध्येय आत कुठंतरी तयार पडलंय, फक्त उकरून काढायचंय. यावर ओकीफ, ड्वेक आणि वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांचा २०१८ चा अभ्यास आहे, त्यात ज्यांना वाटत होतं की आवड ही तयारच असते आणि फक्त सापडावी लागते, त्यांचा नव्या विषयातला रस तो विषय अवघड व्हायला लागल्यावर जास्त पटकन उतरला. म्हणजे पर्पज 'शोधा' असं शिकवणारा कोर्स माणसाला पहिल्याच अडचणीला 'हे आपलं नव्हेच' म्हणायची तयारी करून देतो. हे मी सेशनमधे विचारलं तर उत्तर आलं, मनाचं ऐका. माझं मन तेव्हा म्हणत होतं, कॅमेरा बंद कर आणि जरा आडवी हो.

पण दुसऱ्या भागात एक सेशन असं झालं की त्या एकासाठी मी फी माफ केली. साधा एक्सरसाइज, दोन मिनिटं स्वतःची ओळख करून द्यायची पण हुद्दा, कंपनी आणि 'माजी' हे तीन शब्द तोंडातून काढायचे नाहीत. बोलण्यात पटाईत माणसं दुसऱ्या वाक्याला गप्प! एक गृहस्थ मोठ्या पदावरून उतरलेले, ते नाव सांगून थांबले, मग खाली बघत म्हणाले, 'मी मीटिंगला वेळेवर जातो.' सगळे हसले, तेही हसले, पण नंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग एक नर्सबाई होत्या त्या म्हणाल्या, 'मला रात्री जागायची सवय आहे आणि समोर कुणी रडायला लागलं तर मी घाबरत नाही.' पुढं त्या मरणाच्या दारात असलेल्या पेशंटांजवळ बसायला जाऊ लागल्या, कुणी सुचवावं लागलं नाही.

त्याच दिवशी कोचनं एमी व्झेस्निएव्स्की या संशोधक बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९७ च्या अभ्यासाबद्दल सांगितलं, ते मला पटलं. लोक कामाकडे तीन तऱ्हांनी बघतात, पोटापाण्याची नोकरी, वर चढायचं करिअर, किंवा आपलं म्हणून केलेलं कॉलिंग, आणि ऑफिसात एकाच प्रकारचं असिस्टंटचं काम करणाऱ्यांतही हे तिन्ही गट साधारण सारखेच निघाले. म्हणजे सगळं काही कामावरच ठरतं असं नाही. मग आमच्यातल्या बऱ्याच जणांना जे हवंय ते आधीच्या नोकरीतही तुकड्यातुकड्यानं मिळत होतं, फक्त टार्गेटच्या गडबडीत तिकडं बघितलं नव्हतं, असं निदान माझं तरी झालं.

शेवटचे काही आठवडे प्रत्यक्ष काम. दोन वेगवेगळ्या ठिकाणी थोडे थोडे दिवस जायचं आणि रोज चार ओळी लिहायच्या, आवडलं का हे नाही लिहायचं, वेळ कसा गेला ते लिहायचं. हा प्रश्न मस्त आहे. मुलांना गणित शिकवायला मला आवडेल असं वर्कबुक सांगत होतं, तिथं मी घड्याळ बघत बसले. दुसरं ठिकाण लोकांना अर्ज भरायला मदत करणारं केंद्र, दिसायला एकदम रटाळ. तिथं एका बाईंचा अर्ज पुन्हा पुन्हा परत येत होता, दोन कागदांवर नावात एका वेलांटीचा फरक होता आणि तो कुणी त्यांना सांगितलाच नव्हता. मी सगळे कागद टेबलावर पसरले, बिलं तपासताना करायचे तसे, आणि मान वर केली तेव्हा केंद्र बंद करायची वेळ झाली होती. अजून जाते मी तिथं. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं मध्यवयाच्या टप्प्यात पुढच्यांसाठी काही करण्याची जी ओढ सांगितली आहे ती माझ्यात आहे का ते मला माहीत नाही, पण कागद जुळवायची आहे.

कधी घ्यावा? रिटायर झाल्या झाल्या नको. रॉबर्ट ॲचली या समाजशास्त्रज्ञानं १९७६ मध्येच मांडलंय की निवृत्तीनंतर आधी हनिमूनचा काळ असतो आणि भ्रमनिरास नंतर येतो, तो येऊ द्या मग बघा. आणि नुसती सोबत हवी असेल तर हा कोर्स कशाला, युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज म्हणून चळवळ आहे, १९७३ मध्ये फ्रान्सच्या तुलूझला सुरू झालेली, तिच्या ब्रिटिश पद्धतीत मेंबरच एकमेकांना शिकवतात, परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. इथं सर्टिफिकेट मिळतं, त्याचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही. वर 'ॲडव्हान्स्ड' लेव्हल घ्या म्हणून फोन येत राहतात ते वेगळंच.

नाव घालण्याआधी एवढं विचारून घ्या, प्रत्यक्ष कामाला किती आठवडे आहेत, ग्रुपमधे किती जण, आणि कामाची जागा ते शोधून देतात की तुमचं तुम्ही बघा म्हणतात. आमच्या वेळी तुमचं तुम्ही बघा होतं.