पितळी वाद्याची नळी आतून मोजायची: गेज, पल्स की इम्पीडन्स?

मुंबईत बँडची वाद्यं दुरुस्त करणाऱ्याने किंवा जुन्या ट्रम्पेटसारखीच नळी घडवू पाहणाऱ्याने साधन घेण्याआधी एक ठरवावं: नळीचा आकार हवाय, की बेसूर वाजण्याचं कारण?

सुटा लीडपाइप (माउथपीस बसतो ती पहिली सरळ नळी) मोजायला गेज पुरतं. चढत्या मापाच्या गोल चकत्या दांडीवर लावून आत सोडायच्या आणि अडकेल तिथली खोली लिहायची. स्वस्त आणि भरवशाचं काम. पण वळणापुढे चकती जात नाही.

तिथे पल्स पद्धत लागते. स्पीकरचा क्षणिक ठोका लांब नळीतून वाद्यात जातो. नळी जिथे रुंद किंवा अरुंद होते तिथून तो अंशतः परततो आणि नळीच्या भिंतीतला मायक्रोफोन ते पकडतो. त्या परताव्यावरून संगणक एकेका टप्प्याची त्रिज्या काढत पुढे जातो. स्पीकर ते मायक्रोफोन अंतर वाद्याच्या लांबीहून जास्त ठेवा, नाहीतर स्पीकरवरून उलटलेला आवाज मोजणीत मिसळतो. ट्रम्पेटची नळी सुमारे 1.4 मीटर, युफोनियमची (खालच्या सुरांचं मोठं पितळी वाद्य) 2.7 मीटर, म्हणून युफोनियमही मोजायचं असेल तर नळी सुरुवातीलाच त्या हिशेबाने घ्या.

चुका इथे साचत जातात, आणि हाच या पद्धतीचा खरा धोका आहे. सुरुवातीची बारीक चूक पुढची सगळी त्रिज्या फुगवते किंवा आक्रसते. म्हणून वाद्याआधी सुमारे अर्धा मीटर सरळ, माहीत मापाची नळी जोडा. तिच्यातून परतावा शून्य यायला हवा. जो येतो तो सरसकट वजा करा. ठोके शेकड्याने देऊन सरासरी घेतली की रस्त्यावरचा गोंगाट बराच दबतो.

तापमान मोजल्याशिवाय आकडे मानू नका. 20 अंशांना ध्वनीचा वेग सुमारे 343, तर 32 अंशांना 350 मीटर प्रति सेकंद. मुंबईच्या उकाड्यात 343 धरलं तर 1.4 मीटरची नळी जवळपास 28 मिलिमीटर आखूड दिसते आणि पोचा भलत्याच ठिकाणी सापडतो. दमट हवा हा वेग आणखी थोडा वाढवते.

व्हॉल्व (बोटांनी दाबायची झडप) गळत असेल तर गळतीपुढची नळी एकदम रुंद दिसते. मोजणीआधी व्हॉल्वच्या पिस्टनला तेल द्या आणि साचलेलं पाणी काढा. गळती शोधायलाही हीच खूण कामी येते.

इम्पीडन्स म्हणजे नळीतली हवा कंपनाला करते तो विरोध. त्याची मोजणी (व्हिएन्नाची 'बायस' प्रणाली ही त्यातली) माउथपीससकट वाद्याचे अनुनाद, म्हणजे ते ज्या सुरांना सहज घुमतं ते सूर, दाखवते. कोणता सूर चढा, कोणता उतरलेला, हे तिच्यातून थेट कळतं. आकार मात्र गणिताने मागाहून, अंदाजानेच काढावा लागतो. वादकाची तक्रार सुराची असेल तर आधी हीच.

आकारासाठी आम्ही पल्स घेऊ, बेलचा (वाद्याच्या पसरट तोंडाचा) शेवटचा भाग सोडून. तिथे नळी इतक्या झपाट्याने पसरते की पल्सच्या गणितातलं सपाट लहरीचं गृहीतक (लहर नळीतून सपाट पडद्यासारखी सरकते हे) तुटतं. तो भाग बाहेरून कॅलिपरने मोजा, पत्र्याची जाडी दोन्ही बाजूंची वजा करा आणि पल्सच्या आलेखाला पुढे जोडा.