घर शोधायची अ‍ॅप्स: आमच्या पुण्यातल्या खरेदीत कुठलं किती कामाला आलं

मोबाइलवर घर सापडतं का? सापडतं. आमचंही तसंच सापडलं. पण सापडलेलं घर घेण्याजोगं आहे का, आणि मागताहेत ती किंमत खरी आहे का, हे कळायला टीव्हीवर ज्यांच्या जाहिराती लागतात ती अ‍ॅप्स फारशी उपयोगी पडत नाहीत. त्यासाठी त्याच मोबाइलवर सरकारी संकेतस्थळं उघडावी लागतात. ती दिसायला रुक्ष आहेत, पण आमचे लाखो रुपये वाचले ते त्यांच्यामुळे. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही साताऱ्याचे. मी पतसंस्थेत कर्जविभागात होते, निवृत्त झाले. मुलगा-सून पुण्यात, नातवाला सांभाळायला कुणीतरी हवं, आणि रोज उठून एसटी करणं ह्यांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. म्हणून सिंहगड रोडच्या बाजूला, मुलाच्या घरापासून रिक्षाने जाण्याच्या अंतरावर, टू बीएचके घ्यायचं ठरलं. नवीन बांधकामात पझेशनची वाट बघायची तयारी नव्हती, त्यामुळे रिसेलच. लिफ्ट हवी, लिफ्ट बंद पडली तरी चढता येईल असा मजला हवा, आणि पाणी हवं.

आधी जाहिरातींची अ‍ॅप्स. मॅजिकब्रिक्स, नाइन्टीनाइन एकर्स, हाउसिंग आणि नोब्रोकर ही चारही सुनेने माझ्या मोबाइलवर घालून दिली. साताऱ्यात बसून पुण्याचा एखादा भाग समजून घ्यायला ह्यांच्यासारखं साधन नाही, हे मी मोकळेपणाने सांगेन. पूर्वी रविवारची जाहिरात पुरवणी घेऊन एकेका ओळीवरून अंदाज बांधावा लागायचा. आता नकाशावर बोट फिरवलं की धायरीत काय भाव चाललाय, आनंदनगरला काय आणि नऱ्ह्याला काय, हे संध्याकाळच्या चहाबरोबर बघून होतं. मजला, इमारतीचं वय, पार्किंग, बजेट अशी चाळणी लावता येते. नोब्रोकरची कल्पना थेट मालकाशी बोलण्याची आहे, आणि ती मला मनापासून पटते. ब्रोकरला टक्का-दोन टक्के द्यायचे म्हणजे सत्तर लाखांच्या घरात सत्तर हजार ते एक लाख चाळीस हजार झाले. एवढ्यात स्वयंपाकघराचा नवा ओटा आणि कपाटं होतात.

त्रासही झाला, आणि तो सांगितलाच पाहिजे. ह्यातल्या एका अ‍ॅपवर एका घराची चौकशी केली, तर तासाभरात माझा नंबर कितीतरी एजंटांकडे पोचला. दुपारी जेवताना फोन, रात्री साडेनऊला फोन. कुणी कर्ज देतो म्हणे, कुणी इंटीरियर करून देतो म्हणे. ज्या घराची चौकशी केली ते ‘कालच गेलं मॅडम’, पण त्यांच्याकडे वाघोलीला एक होतं! सिंहगड रोड कुठे आणि वाघोली कुठे. शिवाय एकच फ्लॅट तीन वेगळ्या किमतींना, तीन वेगळ्या फोटोंसह दिसायचा. फोटोतल्या खिडकीबाहेरचा पिंपळ एकच, म्हणून ओळखता आलं. ‘ओनर’ लिहिलेल्या जाहिरातीवर फोन लावला की पलीकडे ओनरचा ‘मित्र’. ह्यावर उपाय म्हणजे चौकशीसाठी वेगळं सिमकार्ड, आणि समोरचा एजंट असेल तर पहिला प्रश्न त्याच्या महारेरा (रेरा कायद्याखालचं राज्याचं गृहनिर्माण नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांकाचा. प्रकल्पाचा क्रमांक पी अक्षराने सुरू होतो, एजंटचा ए अक्षराने. क्रमांक मागितला की अर्धे फोन आपोआप बंद होतात.

क्षेत्रफळाच्या बाबतीत मात्र सावध राहा. आम्हाला आवडलेलं घर जाहिरातीत १,०२० चौरस फूट होतं आणि किंमत ७८ लाख. म्हणजे फुटाला साडेसात हजारांच्या आसपास, भाव बरा वाटतो. पण हे १,०२० म्हणजे सेलेबल: जिना, लिफ्ट, पॅसेज असं सगळं धरून. जुन्या करारात कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, होती ६२ चौरस मीटर, म्हणजे ६६७ चौरस फूट. त्यावर भाग दिला तर तोच भाव फुटाला साडेअकरा हजारांच्या वर जातो. रेरा कायद्याने कार्पेटची व्याख्या ठरवून दिली आहे. आतल्या भिंती धरायच्या. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची सोडायची. जाहिरातीत दोन्ही आकडे ठळक दिसतील अशी सक्ती अ‍ॅपवाल्यांनी स्वतःहून करायला हवी. त्यांना ते सहज करता येण्यासारखं आहे, आणि सामान्य माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं.

आता भाव. जाहिरातीच्या अ‍ॅपवर ‘ह्या भागातला सरासरी दर’ म्हणून जो आलेख दिसतो, तो प्रामुख्याने विकणाऱ्यांनी मागितलेल्या किमतींचा असतो. कुणी काय मागतो ह्याला अर्थ नाही, व्यवहार कितीला झाला हे बघायचं. आणि ते बघता येतं, फुकट, घरबसल्या, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सेवेवर. पतसंस्थेत असताना सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू हा नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, मिळवायला आमचा शिपाई दुय्यम निबंधकांच्या कचेरीत जायचा. आज तीच गोष्ट हातातल्या फोनवर निघते, ह्याचं मला खरोखर अप्रूप वाटतं.

करायचं असं. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक, म्हणजे जमिनीचा सर्व्हे नंबर, भरायचा. गावाचं नाव इथे महत्त्वाचं आहे: अ‍ॅपवर ‘सिंहगड रोड’ लिहिलेलं असलं तरी दप्तरी ती जागा वडगाव बुद्रुकमध्ये असते, नाहीतर हिंगणे खुर्दमध्ये, नाहीतर धायरीत. सर्व्हे नंबर जुन्या करारात मिळतो. मालकाकडे कराराच्या पहिल्या दोन पानांचा फोटो मागा. ज्याला खरंच विकायचं आहे तो देतो. मग त्या सर्व्हे नंबरवर त्या वर्षी नोंदलेल्या दस्तांची यादी येते. दस्ताचा प्रकार, तारीख, लिहून देणारा म्हणजे विकणारा, लिहून घेणारा म्हणजे खरेदीदार. एकेका दस्तासमोर इंडेक्स टू उघडतो, आणि त्यात क्षेत्रफळ, मोबदला, बाजारभाव, भरलेलं मुद्रांक शुल्क, सगळं ओळीने लिहिलेलं असतं.

आम्ही बघत होतो त्याच इमारतीत, त्याच मापाचे दोन फ्लॅट आदल्या वर्षी विकले गेले होते. मोबदला एकाचा ६६ लाख, दुसऱ्याचा ६८ लाख. मालक मागत होते ७८. हे दोन कागद छापून घेतले आणि बोलणीला गेलो तेव्हा समोर ठेवले. भांडण नाही, घासाघीस नाही. मालक स्वतः निवृत्त शिक्षक, समंजस माणूस. त्यांनी कागद वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, “ताई, मला एजंटने ऐंशी सांगितले होते.” ७० लाखांवर ठरलं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. काही व्यवहारांत रोखीचा भाग दाखवलेलाच नसतो, त्यामुळे एका दस्तावरून निष्कर्ष काढू नये. तीन-चार दस्त बघावेत आणि शेजारी त्या भागाचा रेडी रेकनर दर, म्हणजे सरकारने ठरवलेला दर, ठेवावा. तोही त्याच विभागाच्या संकेतस्थळावर मिळतो.

नवीन बांधकामात घ्यायचं असेल तर महारेराचं संकेतस्थळ. ते १ मे २०१७ पासून आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक झालं आहे. कॅमेरा धरला की प्रकल्पाचं पान उघडतं: मंजूर नकाशे, बांधकाम परवानगी, पूर्णत्वाची तारीख, ती पुढे ढकलली आहे का, कोर्टात काही चालू आहे का. माझ्या भाचीने बाणेरला बुकिंग करायच्या आधी हे पान वाचलं. माहितीपत्रकात तीन वर्षांनी मिळणारी पोहण्याची जागा मंजूर नकाशात कुठे आहे, ही विचारणा तिला तिथेच सुचली. नोंदणीकृत करार करण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही कायद्यात आहे. अ‍ॅपवर ‘आजच बुक करा’ असं बटण असतं, ते दाबण्याआधी हे माहीत हवं. जुन्या, २०१७ पूर्वीच भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायची महापालिकेची परवानगी) मिळालेल्या इमारतीची महारेरात नोंद नसते. तिथे ते प्रमाणपत्र आणि सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं, झालंय का, हे विचारायचं.

कर्जाचे हप्ते काढणारी अ‍ॅप्स सगळी सारखीच, कुठलंही वापरा. पण व्याजाचा एकूण आकडा जरूर बघा. ४० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं: हप्ता सुमारे ३४,७०० आणि एकूण व्याज ४३ लाखांच्या वर. तेच १५ वर्षांत फेडलं तर हप्ता सुमारे ३९,४०० होतो आणि व्याज ३१ लाखांच्या आत येतं. महिन्याला पावणेपाच हजार जास्त भरून सव्वाबारा लाखांच्या वर वाचतात. आम्हाला कर्ज थोडंच लागलं, पण हे गणित मी मुलाला त्याच्या घराच्या वेळी मांडून दाखवलं होतं.

जाहिरातीतल्या किमतीत न दिसणारा खर्चही धरा. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क स्थानिक संस्था कर आणि मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के, खरेदीदार फक्त स्त्री असेल तर ६. आम्ही घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं, ७० हजार वाचले. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. आणि ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या नावचा आयकर) कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते. हे एजंटही बऱ्याचदा सांगत नाहीत.

नकाशाचं अ‍ॅप तर मी सगळ्यात वरचं मानते. गूगल मॅप्सवर ‘सोमवारी सकाळी साडेआठला निघालो तर’ असा वेळ घालून मुलाच्या ऑफिसचा, नातवाच्या शाळेचा, हॉस्पिटलचा रस्ता बघता येतो. जाहिरातीत ‘महामार्गापासून ५ मिनिटं’ असतं ते कुठल्या वेळेचं, हे लगेच कळतं. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं दिसतात. एक घर ह्यांना फार आवडलं होतं, प्रशस्त गॅलरी, समोर हिरवळ. पंधरा वर्षांपूर्वीच्या चित्रात त्या हिरवळीच्या जागी चांगला रुंद ओढा दिसला. पुढच्या चित्रांत तो अरुंद होत गेला, शेवटी एक बारीक रेघ उरली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते पुण्यातला माणूस विसरणार नाही, आणि जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याचं पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं. ते घर आम्ही सोडलं. नदीकाठी घर बघत असाल तर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते हे महापालिकेत विचारा. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

पाण्याचं मात्र कुठलंही अ‍ॅप खरं सांगत नाही. ‘२४ तास पाणी’ हे सगळीकडेच लिहिलेलं असतं. त्यासाठी मे महिन्यात जा, वॉचमनला टँकर किती येतात ते विचारा आणि खालच्या बाकावर बसलेल्या बायकांशी दहा मिनिटं बोला. मला तिथेच कळलं की एका सोसायटीत उन्हाळ्यात टँकरपायी मेंटेनन्स जवळजवळ दुप्पट होतो. घर बघताना मोबाइलचा टॉर्च मात्र कामाला येतो. बाथरूमच्या मागच्या भिंतीवर, कपाटाच्या आत, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात उजेड तिरका धरला की नव्या रंगाखालची ओल फुगवटा दाखवते. समोरून प्रकाश टाकला तर काही दिसत नाही.

टोकन देण्याआधी मालकाकडून आणखी दोन क्रमांक घ्या: वीजबिलाचा ग्राहक क्रमांक आणि मिळकतकराचा क्रमांक. महावितरण आणि महापालिकेच्या संकेतस्थळांवर ते घातले की थकबाकी आहे का, आणि बिल कुणाच्या नावावर आहे, हे तिथल्या तिथे दिसतं. आमच्या मालकांच्या मिळकतकराची दोन वर्षांची बाकी होती, त्यांच्याही लक्षात नव्हतं. त्यांनी माझ्यासमोरच ऑनलाइन भरली, पावती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, आणि मग आम्ही विसाराचा चेक लिहिला.