निळ्या स्ट्रॉबेरीचा घोळ

निळी स्ट्रॉबेरी जगात नसते, हे मला तिचं बी पेरून झाल्यावर कळलं. हसायचं असेल तर हसून घ्या. परसात काहीतरी वेगळं लावायची हौस असलेल्या कुणालाही हे होऊ शकतं, म्हणून लिहितेय.

ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मी एकदम तीन गोष्टी मागवल्या: कॅरोलिना रीपर मिरचीचं बी, निळ्या स्ट्रॉबेरीचं बी आणि वीस भाज्यांचा एक संच. फोटो असे की बघत राहावं. खाली शेकडो लोकांचे पाच-पाच तारे. ते अभिप्राय मी नंतर नीट वाचले. 'बी वेळेवर मिळालं', 'पॅकिंग छान', 'दाणे मोजून भरले'. फळ लागलं असं लिहिणारा एकही नव्हता. कसा असेल? अभिप्राय पाकीट हातात पडलं त्या दिवशीचा, आणि फळ चार महिन्यांनी!

स्ट्रॉबेरीबद्दल मी बरंच वाचलं होतं. बी आधी थंडीत ठेवावं लागतं, मातीत पुरायचं नाही, वर नुसतं भुरभुरायचं, कारण त्याला उजेड लागतो. सगळं पाळलं. ओल्या टिश्यूत गुंडाळून तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवलं. माल परत करायची मुदत होती दहा दिवस. म्हणजे ती फ्रिजमध्येच संपली.

बाहेर काढून ट्रेमध्ये पेरलं आणि चौथ्या दिवशी ट्रे हिरवा. स्ट्रॉबेरीला उगवायला दोन-तीन आठवडे सहज लागतात, हेही मी वाचलं होतं. पण आपल्याच हातगुणावर खूश झालेल्या माणसाला असलं काही आठवत नाही. रोज फवाऱ्यानं पाणी, उन्हाची तिरीप बघून ट्रे इकडून तिकडे. पानं येत होती बारीक, गुबगुबीत, गुळगुळीत, देठ लालसर. स्ट्रॉबेरीचं पान म्हणजे तीन पानांची जुडी, कडा दातेरी. माझ्या ट्रेमध्ये दात औषधालाही नव्हते.

सासूबाई एकदा ट्रेशी वाकल्या. "अगं, ही घोळ कशाला जपतेस फवाऱ्यानं?"

"घोळ नाही हो आई, स्ट्रॉबेरी आहे."

त्यांनी एक रोप उपटून माझ्या तळहातावर ठेवलं आणि काही न बोलता आत गेल्या. घोळच होती, कुठेही आपोआप उगवणारी ती रानभाजी. तिचं बी बारीक आणि काळं, तिलाही उजेड हवा, वरवर टाकलं की उगवते. म्हणजे मी केलेली सगळी सेवा तिला मानवली होती.

मग उलट दिशेनं वाचायला बसले. स्ट्रॉबेरीचा निळा वाण कुणीच काढलेला नाही. तो फोटो म्हणजे लाल फळावर संगणकात चढवलेला रंग. आणि बाजारातल्या मोठ्या फळाच्या स्ट्रॉबेरीचं बी धरलं तरी रोप आईसारखं निघत नाही. ती वाढवतात रनरवरून, म्हणजे रोपाला फुटणाऱ्या धावत्या दोऱ्यांवरून. मोठ्या फळाच्या एखाद्या नावाजलेल्या वाणाचं 'बी' कुणी विकत असेल, तर तिथेच थांबायला हवं होतं.

मिरचीची गोष्ट जास्त लागली, कारण तिथे फसवणूक शेवटपर्यंत मिरचीच्या वेषात होती. २०१३ साली कॅरोलिना रीपरला जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनीजचा मान मिळाला. तिचा तिखटपणा सरासरी १६ लाख स्कोव्हिलच्या वर; स्कोव्हिल म्हणजे तिखटपणा मोजायचं एकक. हालापेन्यो ही मेक्सिकन मिरची अडीच ते आठ हजारांत असते, यावरून अंदाज करा. माझ्या दहा बियांतल्या नऊ सहाव्या दिवशी वर आल्या. या जातीच्या मिरच्या उबेत ठेवल्या तरी बहुधा दोन ते चार आठवडे घेतात. मी मात्र नऊच्या नऊ रोपांचे फोटो पाठवून सगळ्यांना हैराण केलं.

बी हातात घेऊन ओळखता आलं असतं का? नाही. रीपरचं बी आणि साध्या मिरचीचं बी, दोन्ही चपटी, गोल, फिकट पिवळी. फरक कळतो तो फुलावर आला की. रीपरच्या जातीत एका पेरावर दोन-तीन किंवा जास्त फुलं लटकतात, पाकळी हिरवट पांढरी, आणि फळ धरलं की देठाच्या टोपीखाली आवळल्यासारखं एक कडं दिसतं. माझ्याकडे पेराला एकच फूल, पांढरंशुभ्र. कडं नाही.

तरी आशा सुटत नाही. पहिली मिरची लाल झाली तेव्हा मी हातमोजे घातले, खिडक्या उघडल्या, दुधाचा पेला शेजारी ठेवला आणि ती उभी चिरली. तिखटपणा बियांत नसतो, आतल्या पांढऱ्या शिरेत असतो, म्हणून सुरीचं टोक तिथे लावून जिभेवर टेकवलं. थांबले. मग तुकडा चावला. मग अख्खी मिरची खाल्ली. गोड होती. ढोबळी मिरचीची सख्खी बहीण. दूध पिऊन टाकलं.

विक्रेत्यानं उत्तर मात्र तत्परतेनं दिलं. "मॅडम, शेजारी दुसऱ्या मिरच्या आहेत का?" आहेत म्हटलं. "मग परागण झालं, त्यामुळे तिखटपणा गेला." हे ऐकून गप्प बसू नका. शेजारच्या परागाचा परिणाम होतो तो आतल्या बियांवर, म्हणजे पुढच्या पिढीवर. या फळाचा गर आणि शीर आईच्याच असतात. मग म्हणाला, पाणी जास्त झालं. पाण्यानं तिखटपणा थोडा कमी-जास्त होतो, पण सोळा लाखांचा शून्य होत नाही. मग म्हणाला, मुदत संपली. एवढं एकच त्याचं खरं होतं.

भाज्यांच्या संचातली काकडी आली, कांद्याचं एकही बी उगवलं नाही. ते वर्ष-दोन वर्षांतच निकामी व्हायला लागतं आणि पाकिटावर ना साल होतं, ना लॉट नंबर. आता बी आलं की त्याच दिवशी दहा दाणे ओल्या टिश्यूत, पिशवीत बंद. मुदतीच्या आत निदान जिवंत की मेलेलं एवढं तरी समजतं. स्ट्रॉबेरी फक्त रोप बघून. पाकीट, पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, तिन्ही जपून. त्याच विक्रेत्याकडे हल्ली पेपर एक्सचं बी दिसतं. त्या मिरचीनं २०२३ साली रीपरचा विक्रम मोडला आणि ती तयार करणाऱ्या एड करी यांनी तिचं बी विक्रीला काढलेलंच नाही. तिथेही पाच तारे आहेत.

गोड मिरच्यांची रोपं मी ठेवली, त्यांचा काय दोष. घोळ मात्र ट्रेमधून कुंड्यांत, कुंड्यांतून वाफ्यात पसरली आहे. उपटून टाकलेला तुकडा मातीला टेकला तरी मुळं धरतो. काल पुन्हा बादलीभर काढली.