डोटा २ मध्ये सराव कशाचा करावा: हातांचा की डावपेचांचा?

डोटा २ या पाच-पाच जणांच्या दोन संघांत खेळल्या जाणाऱ्या संगणकीय खेळात काही महिने घालवले, की बहुतेक खेळाडूंची प्रगती एका पायरीवर येऊन अडते आणि मग आठवड्यातले जे चार-सहा तास मिळतात ते नेमके कशावर खर्च करावेत, असा प्रश्न पडतो. काही जाणकार सांगतात की माउस आणि कीबोर्डवर हात बसू द्या, बाकीचे आपोआप येईल. काही सांगतात की नकाशा वाचायला शिका, हात जेमतेम असले तरी जिंकाल. दोन्ही सल्ले अर्धवट आहेत, परंतु सारखेच अर्धवट नाहीत.

हातांच्या कौशल्यात पहिली गोष्ट येते ती लास्ट हिटची. लेनमध्ये, म्हणजे दोन्ही तळांना जोडणाऱ्या वाटेवर, समोरच्या क्रीपवर (आपोआप चालत येणाऱ्या सैनिकावर) शेवटचा घाव आपला बसला तरच गोल्ड, म्हणजे आयटेम घेण्याचे पैसे, मिळते, आणि आपल्याच बाजूचा क्रीप निम्म्याहून कमी हेल्थवर आला की तो स्वतः मारून, म्हणजे डिनाय करून, प्रतिस्पर्ध्याची कमाई तोडता येते. प्रत्येक हिरोला, म्हणजे खेळाडू चालवतो त्या पात्राला, हात उगारल्यापासून घाव बसेपर्यंत लागणारा वेळ वेगळा असतो, लांबून मारणाऱ्याचा बाण पोहोचायला आणखी थोडा वेळ जातो, आणि वळायलासुद्धा क्षणभर लागतो. त्यामुळे हा अंदाज वाचून किंवा व्हिडिओ पाहून येत नाही. दर तीस सेकंदांनी चार क्रीप या हिशेबाने पहिल्या दहा मिनिटांत एका लेनमध्ये साधारण ऐंशी क्रीप येतात. त्यांतले पंचवीसच हाती लागले तर महत्त्वाची आयटेम इतकी उशिरा येते की डावपेच कितीही चांगला असला तरी तो अमलात आणण्याची ताकद हिरोत उरत नाही. म्हणून ज्याला समोर कोणी नसताना, सरावाच्या लॉबीतही, पन्नासच्या आसपास लास्ट हिट घेता येत नाहीत, त्याने ड्राफ्टवरचे (सामन्याआधीच्या हिरोंच्या निवडीवरचे) दीर्घ विवेचन ऐकण्यात वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या पातळीच्या पुढे मात्र गणित बदलते. याचा चांगला दाखला ओपनएआय या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या संस्थेच्या प्रयोगात सापडतो. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांच्या बॉटने, म्हणजे स्वतः खेळणाऱ्या प्रोग्रॅमने, एकास एक सामन्यात डेंडी या नामवंत युक्रेनी खेळाडूला हरवले. तो सामना एकाच लेनमधला, म्हणजे जवळजवळ निव्वळ हातांचा होता. पुढच्याच वर्षी व्हँकुव्हरला पाचास पाच सामन्यांत मात्र त्यांचा संघ व्यावसायिक खेळाडूंपुढे दोन्ही वेळा हरला, आणि तेव्हाच्या जगज्जेत्या ओजी संघाला २–० असे हरवायला एप्रिल २०१९ उजाडावे लागले. तेसुद्धा अवघ्या सतरा हिरोंपुरते. बॉटचा प्रतिक्रियेचा वेळ माणसाच्या जवळपास, सुमारे २०० मिलिसेकंद ठेवलेला होता, त्यामुळे तो विजय केवळ चपळाईचा म्हणता येत नाही. माणसे ज्या वेळी गोल्ड राखून ठेवतात त्या वेळी बॉट बेधडक बायबॅक करून (गोल्ड मोजून मेलेला हिरो लगेच जिवंत करून) लढाईत परतत होते आणि त्या दबावापुढे ओजीला उसंत मिळत नव्हती.

व्यावसायिक सामन्यांतले गाजलेले क्षण तपासले तर ही विभागणी आणखी अवघड होते. सिएटलला २०१५ साली झालेल्या द इंटरनॅशनल या डोटाच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत, चौथ्या सामन्यात, सीडीईसी संघ रोशन या बलाढ्य राक्षसाच्या खड्ड्यात एकवटलेला असताना इव्हिल जीनियसेस संघाच्या युनिव्हर्स या खेळाडूने अर्थशेकर हा हिरो घेऊन आत उडी मारली आणि एका इको स्लॅममध्ये, म्हणजे त्या हिरोच्या जमीन हादरवणाऱ्या हल्ल्यात, त्या संघाची दाणादाण उडवली. त्या विजेतेपदाचे बक्षीस साठ लाख डॉलरहून अधिक होते, आणि ती चित्रफीत पाहून अनेक जण अर्थशेकरच्या उडीचा सराव करत बसतात. वास्तविक ब्लिंक मारून (क्षणात दुसऱ्या जागी झेपावून) लगेच स्लॅम करणे हे मध्यम दर्जाच्या खेळाडूलाही जमते. अवघड होते ते प्रतिस्पर्धी रोशनकडे वळले आहेत हे ओळखणे, वेळेत तिथे पोहोचणे आणि त्याआधी सहकाऱ्याच्या एन्शंट अपॅरिशन या हिरोचा आइस ब्लास्ट हा लांबून फेकायचा हल्ला नेमका त्या खड्ड्यात टाकणे. उलट बाजूचे उदाहरण २०१३ चे आहे. नाव्ही संघात पज या हिरोचा शत्रूला ओढणारा हुक हवेत असतानाच चेन हा दुसरा हिरो पजला आपल्या फाउंटनवर, म्हणजे शत्रूला मारून टाकणाऱ्या आपल्या तळावर, पाठवून देई, आणि हुकला अडकलेला शत्रू थेट तिथे येऊन मरे. कल्पना सगळ्यांना कळली, पण त्या क्षणाचा अचूक मेळ फार थोड्यांना साधला. पुढे व्हॉल्व्ह या खेळाच्या निर्मात्या कंपनीने ती युक्तीच बंद केली.

टिकाऊपणाच्या बाबतीत हातांची कमाई काही आठवड्यांच्या खंडानंतर ढिली पडते हे खरे, तथापि डावपेचांचे ज्ञानही अमरपट्टा घेऊन आलेले नसते. एप्रिल २०२३ मधल्या ७.३३ पॅचने (खेळातल्या अधिकृत बदलांनी) नकाशा सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढवला आणि वॉर्ड, म्हणजे आजूबाजूचा भाग दाखवणारी टेहळणीची खूण, लावण्याच्या पाठ केलेल्या जागा एका रात्रीत निरुपयोगी झाल्या. लास्ट हिट घेण्याची सवय मात्र जशीच्या तशी उपयोगी पडली. म्हणून डावपेच शिकताना जागा पाठ करण्यापेक्षा कारणे समजून घ्यावीत. एक ऑब्झर्व्हर वॉर्ड सहा मिनिटे टिकतो. त्या सहा मिनिटांत आपला संघ कुठे जाणार आहे हे ठरलेले नसेल तर तो कुठेही लावला तरी फारसा फरक पडत नाही. मिनिट पूर्ण व्हायला पाच-सात सेकंद असताना जंगलातल्या प्राण्यांच्या छावणीला डिवचून बाहेर खेचले, की त्याच जागी दुसरी टोळी तयार होते आणि त्या छावणीतून कॅरीला, म्हणजे गोल्ड जमवून पुढे संघाला जिंकून देणाऱ्या हिरोला, होणारी मिळकत दुप्पट होते. एवढ्या कामाला हातांची करामत लागत नाही, घड्याळाकडे लक्ष लागते, आणि आश्चर्य म्हणजे तेच बहुतेकांचे नसते.

हिरोची निवडही याच निर्णयाचा भाग आहे. इन्व्होकरचे दहा स्पेल (मंत्र) किंवा मीपोची एकाच वेळी हलवायची अनेक शरीरे, ज्यांतले एक मेले तरी सगळी मरतात, हे हिरो हातांची परीक्षा घेतात आणि रोज खेळणाऱ्यालाच शोभतात. नेचर्स प्रॉफेट हाताला सोपा आहे. तो नकाशावर कुठेही प्रकट होऊ शकतो, त्यामुळे त्याच्याकडून होणारी चूक बहुधा चुकीच्या ठिकाणी जाण्याची असते. आठवड्यातून दोन-तीनच संध्याकाळी खेळणाऱ्याने असे दोन हिरो आणि एखादा सपोर्ट, म्हणजे इतरांना मदत करणारा हिरो, धरून ठेवावा. वेळ कमी म्हणून टर्बो मोड या झटपट प्रकाराकडे वळणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की तिथे गोल्ड आणि अनुभव वेगाने मिळत असल्याने लढाईतला हात सुधारतो, मात्र कोणती आयटेम केव्हा यावी याचा अंदाज बिघडतो.

एकट्याने रँक्ड (क्रमवारी ठरवणारे सामने) खेळणाऱ्याच्या हातात ड्राफ्ट नसतो आणि अनोळखी चौघे त्याची योजना ऐकतीलच असे नाही (शिव्या मात्र मन लावून देतात), म्हणून त्याला लेन जिंकून देणारे कौशल्य अधिक परतावा देते. पाच मित्रांचा ठरलेला गट असेल तर उलट करावे: नवे हिरो शिकण्याऐवजी हरलेल्या मॅचचा रिप्ले एकत्र पाहावा आणि पहिला टॉवर पडल्यावर प्रत्येक जण कुठे होता एवढेच तपासावे. ज्यांना भारतातल्या सर्व्हरवर मॅच मिळत नाही म्हणून सिंगापूरच्या सर्व्हरवर जावे लागते, त्यांनी वाढलेल्या पिंगवर (सर्व्हरपर्यंत जाण्या-येण्याच्या विलंबावर) लास्ट हिटचा अंदाज पुन्हा बसवण्यात आठवडे घालवू नयेत. त्यांच्यासाठी संघातल्या चौथ्या किंवा पाचव्या, म्हणजे सर्वांत कमी गोल्ड लागणाऱ्या, स्थानावरचा सपोर्ट हाच शहाणपणाचा सौदा आहे.