सेकंडहँड सिस्को कॅटॅलिस्ट 3750: घ्या, पण आधी टेम्प्लेट बघा
लॅबसाठी जुना 3750 (राउटिंगही करणारा नेटवर्क स्विच) घेतला, मशीन दणकट आहे, पंखा मात्र जरा बोंबलतो. डेटाशीटवर 11 हजार रूट (कुठलं ट्रॅफिक कुठे पाठवायचं त्याच्या नोंदी) वाचून मी खुश, आणि इकडे साडेतीन हजार टेस्ट रूट टाकल्यावर सीपीयू बोंबलायला लागला. चूक माझीच, 'शो एसडीएम प्रेफर' (स्विचच्या मेमरीची वाटणी, म्हणजे टेम्प्लेट, दाखवणारी कमांड) मारून बघितलंच नव्हतं. डिफॉल्ट टेम्प्लेटमधे एकूण 8 हजार रूट, त्यातले 6 हजार डायरेक्ट होस्टचे (थेट जोडलेल्या मशीनचे), बाकी रूटना फक्त 2 हजार जागा. टीकॅम (रूट ठेवायची हार्डवेअर मेमरी) भरला की उरलेलं ट्रॅफिक सॉफ्टवेअरमधून, म्हणजे सीपीयूवरून जातं. 'एसडीएम प्रेफर राउटिंग' करून रीलोड मारला (रीलोड लागतोच), आता त्या बाकी रूटनाच 8 हजार जागा. मॅक टेबल (कुठलं मशीन कुठल्या पोर्टवर आहे ती यादी) निम्मं होतं, पण मला चालतंय. किती भरलंय ते 'शो प्लॅटफॉर्म टीकॅम युटिलायझेशन' सांगतो. इंटरनेटचा फुल टेबल (जगभरच्या सगळ्या रूटची यादी) मात्र यावर टाकायच्या भानगडीत पडू नका.